देव्हारा दोन फूट पुढे

मी, श्रीमती निरुपमा दत्तात्रेय सुर्वे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा भट्ट्यांची दुरुस्ती, राहणार कारेलीबाग, बडोदे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टर आनंद राजाध्यक्ष यांनी आज सकाळीच दिला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही, धाक नाही. मी "अत्यंत आनंदाच्या भरात" असेही लिहिले होते, ते आमचे वकील वरद जाधव यांनी खोडायला लावले. म्हणाले, "मावशी, भरात लिहिलेलं कोर्टाला चालत नाही." तेव्हा शांत चित्ताने लिहीत आहे असे समजावे. पण आनंद झाला आहे, आणि तो झाकून ठेवणे मला जमणार नाही.

१. दिनांक ५ जानेवारी २०२६ चे माझे मृत्युपत्र मी रद्द करते. बडोद्याजवळ छाणीला असलेली माझी कामाची शेड विकावी आणि आलेला पैसा माझी एकुलती मुलगी मैथिली हिला द्यावा, असे त्यात होते. ते मी घाबरून लिहिले होते. घाबरून लिहिलेले कोर्टाला चालते, हे विशेष.

२. घाबरण्याचे कारण सांगते. मैथिली आणि जावई कुशल यांनी कॅनडात विनिपेगला छोटे घर घेतले. तिथे उणे तीस होते. प्रत्येक घराच्या तळघरात गॅसची भट्टी असते, ती हवा तापवते आणि पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत सोडते. डिसेंबरपासून त्यांची भट्टी दहा मिनिटे चाले आणि बंद पडे. पहिला मिस्त्री आला, एक स्विच बदलून चारशे डॉलर घेऊन गेला. दुसरा आला, त्याने आणखी काही बदलले, साडेसहाशे. तिसऱ्याने खाली वाकूनही न बघता सांगितले, नवी बसवा, नऊ हजार. म्हणजे आपले जवळजवळ सहा लाख!

चौतीस वर्षे मी हेच काम केले. मकरपुऱ्यात कुठल्या कारखान्याची भट्टी बंद पडली की मालक म्हणायचा, "सुर्वेबेन छे, चिंता नथी," सुर्वेबाई आहेत, काळजी नाही. आणि माझी पोटची मुलगी घरात कानटोपी घालून स्वयंपाक करते! मला रात्ररात्र झोप नव्हती. घर घेताना त्यांनी कर्ज काढलेले, माझ्या ठेवी दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेत गेलेल्या. मी मरेपर्यंत थांबायला थंडीला वेळ नव्हता. म्हणून मी शेडला गिऱ्हाईक शोधले. सोमवारी, १९ जानेवारीला विसार घ्यायचा ठरला.

३. इथे योगिनीचे नाव पहिल्यांदा येते. योगिनी रमेश पवार, वय त्रेचाळीस, अठरा वर्षे माझ्या शेडमध्ये काम करते. नवरा सोडून गेला तेव्हा आली, आज भट्टीची कॉइल माझ्यापेक्षा चांगली गुंडाळते. गिऱ्हाईक टेप लावून शेड मोजत होते, तेव्हा ती कॉइलच्या यंत्राला तेल घालत होती. नंतर एवढेच विचारले, "काकी, नवीन माणूस मशीन ठेवणार के भंगारात काढणार?" मी म्हटले, माहीत नाही. ती म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर आली. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

४. शुक्रवार, १६ जानेवारी, सकाळचे साडेसहा. तिकडे गुरुवारची संध्याकाळ. मैथिलीने दिवेलागणीला नेहमीसारखा व्हिडिओ कॉल लावून फोन देव्हाऱ्यासमोर टेकवला, अंगात कोट, आणि निरांजन लावले. माझ्या हातात चहा. खाली भट्टी नुकतीच सुरू झाल्याचा आवाज आला आणि निरांजनाची ज्योत मागे वाकली. भिंतीकडे! खिडकी बंद, पंखा नाही, आणि ज्योत भिंतीकडे ओढली जाते!

मी ओरडले, "मैथिली, देव्हाऱ्यामागे काय आहे?"

"काही नाही गं आई, भिंत आहे."

"भिंत वारा ओढत नाही. कुशलला बोलाव, देव्हारा सरकव."

कुशल म्हणाला, "आई, सागाचा आहे, जड आहे. उद्या करू?"

"आत्ता! नाहीतर तिकीट काढून मी येते."

दोघांनी ढकलला. मागे जमिनीपासून कंबरेपर्यंत मोठी जाळी. घरातली थंड हवा तिथून भट्टीकडे परत जाते, सगळ्या घराला मिळून तेवढी एकच वाट. ती बंद, म्हणून भट्टीला हवा कमी पडे, ती आतल्या आत तापे आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद होई. बिचारी शहाणी भट्टी! तिन्ही मिस्त्री तळघरात उतरले, वरच्या देव्हाऱ्यामागे एकानेही पाहिले नाही. देव्हारा दोन फूट पुढे ठेवला, आणि आज सव्वीस दिवस झाले, भट्टी एकदाही बंद पडलेली नाही. मैथिली फोनवर रडली. मीही रडले, मग चहा सांडला म्हणून दोघी हसलो. त्याच दिवशी मी गिऱ्हाईकाला कळवले, शेड विकायची नाही.

५. आता कबुली, कारण मृत्युपत्रात खोटे लिहू नये. देव्हारा तिथे मीच ठेवायला लावला. तो इथे लहरीपुऱ्याच्या बाजारात पसंत करून बोटीने पाठवला मी, आणि दिवाळीच्या पाडव्याला फोनवर हट्ट धरला मी, की देव ईशान्येलाच हवेत आणि पाठ भिंतीला टेकलेली हवी. मुलगी म्हणत होती, "आई, तिथे काहीतरी जाळी आहे." मी म्हटले, "देवापुढे जाळीचं काय कौतुक?" दुसऱ्या कोणी असे केले असते तर मी त्याला शेडमध्ये उभे केले नसते. साडेदहाशे डॉलर माझ्या हट्टापायी गेले. त्यांची भरपाई म्हणून माझ्या चार बांगड्या मैथिलीला आजच द्याव्यात. देव्हारा पुन्हा भिंतीला कोणीही लावू नये. देवांची हरकत नाही, मी विचारले आहे.

६. कारेलीबागेतले घर मैथिलीला. तिने ते विकावे किंवा ठेवावे, माझा हट्ट नाही. हट्टाचा अनुभव वर आला आहे.

७. माझे दीर फत्तेसिंहराव यांना भट्टीचे तापमान दाखवणारे जुने यंत्र द्यावे, जे नेहमी चाळीस अंश जास्त दाखवते. माझे यजमान गेले त्याच्या तेराव्या दिवशी भावजी म्हणाले होते, "वहिनी, भट्टीचं काम बायकांचं नव्हे, शेड माझ्या नावे करा." चौतीस वर्षे मी उत्तर शोधत होते. आता सुचते की उत्तर देण्याची गरजच नव्हती. तरी यंत्र द्यावे.

८. छाणीची शेड, जागेसह, कॉइल गुंडाळायचे यंत्र, सगळी हत्यारे, आणि दारावरची "सुर्वे फर्नेस" ही पाटी मी योगिनी रमेश पवार हिला देते. पाटीवरचे नाव तिला बदलायचे असेल तर बदलावे. मैथिलीला हे मंजूर आहे. ती म्हणाली, "आई, योगिनीताईची शेड विकली असतीस तर मी त्या पैशाच्या उबेत बसले नसते." या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील वरद जाधव यांनी करावी.

९. शेवटचे. साक्षीदार म्हणून मला योगिनीच हवी होती. वकील म्हणाले, ज्याला मिळते त्याने साक्षीची सही न केलेली बरी. शेड तिला मिळते आहे, हे मी तिला सांगितलेले नाही. आत्ता ती बाहेरच्या बाकावर बसली आहे, चहाही घेत नाही. अठरा वर्षे बरोबर राबून सहीला मात्र शेजारीण बोलावली, याचा तिला राग आला आहे. आम्ही तिघे भराभर सह्या करतो, आणि मग मी स्वतः दार उघडून तिला आत बोलावणार आहे. घाईने अक्षर वाकडे आले आहे. डॉक्टरांनी नोंद घ्यावी, हे दुखणे नव्हे.

स्थळ: बडोदे
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२६

सही: निरुपमा द. सुर्वे

लिहून देणार बाईंनी आमच्यादेखत सही केली व आम्ही त्यांच्यादेखत:

साक्षीदार १: डॉ. आनंद मधुकर राजाध्यक्ष
साक्षीदार २: सौ. पद्मा विनायक खोपकर, शेजारी