खळ माझी, फ्लॅट गुलबानोचा

मी, दाक्षायणी शिवपुत्र बिराजदार, वय ६८, कॉलेजच्या कार्यालयातून निवृत्त लिपिक, राहणार फ्लॅट क्रमांक ७, जुळे सोलापूर, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने, माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. खालच्या मजल्यावरच्या डॉ. दानेश्वरी म्हेत्रे यांनी काल तपासून तसे पत्र दिले आहे, ते सोबत जोडले आहे. हे लिहावे म्हणून कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. उलट, जिच्यासाठी लिहीत आहे ती चार दिवस "नक्को अक्का, कागद नक्को" म्हणत माझा चष्मा लपवून ठेवत होती. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझा जन्म जेऊरचा. वडील धोंडप्पा तिथल्या रेल्वे स्टेशनात क्लार्क होते. सातव्या वर्षी त्यांनी मला सोलापूरच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात आणून ठेवले. घरी कानडी, गावात मराठी, आणि तिथे एकदम इंग्रजी. पहिले सहा महिने मी फक्त शनिवारच्या शिवणाच्या तासाला सुखी असायची, कारण तिथे बोलावे लागत नसे. सिस्टर आमचे काम उलटे करून मागच्या बाजूला मार्क द्यायच्या. क्रोशा मी तिथेच शिकले. पती शिवपुत्र यांचे २०११ साली निधन झाले. आम्हाला मूल नाही.

२. सदर फ्लॅट मी माझ्या पगारातून घेतला असून तो माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पश्चात तो संपूर्णपणे आणि कायमचा श्रीमती गुलबानो मुबीन शेख यांच्या मालकीचा होईल. त्यांनी राहावे, विकावा, भाड्याने द्यावा, त्यांची मर्जी. वकिलांनी सुचवले होते की त्यांना फक्त हयातभर राहण्याचा हक्क द्यावा आणि मागाहून फ्लॅट घरच्या माणसांकडे जावा. ते मी मान्य केले नाही. तेरा वर्षे ती याच घरात आहे. घरचे माणूस आणखी कसे असते ते मला माहीत नाही.

गुलबानो टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायची. मुबीनभाई गेल्यावर माझ्या मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून आली. येताना ट्रंक, शिलाई मशीन आणि चादरीच्या कापलेल्या तुकड्यांचे एक गाठोडे एवढेच होते. तिसऱ्या महिन्यात भाडे घ्यायची मला लाज वाटू लागली. त्या गाठोड्यातूनच आमचे कपाखाली ठेवायचे कोस्टर सुरू झाले. चादरीवरचा मोर किंवा चौकडा बरोबर मध्ये येईल असा चौकोन ती कापते, मागे जाड कापड लावून मशीन मारते, आणि कडेने क्रोशाची जाळी मी विणते. सहांचा संच, वर लाल दोरा. आपल्याकडे कुणाकडेही कार्य असले की टॉवेल-टोपीचा आहेर. आम्ही त्याऐवजी कोस्टर द्यायला लागलो. लग्न, बारसे, निवृत्ती, वास्तुशांत, काही सोडले नाही.

३. ज्यांच्या घरी आमचे कोस्टर आहेत त्यांना माझी सूचना. ते शोकेसमधून बाहेर काढावेत आणि त्यांच्यावर कप ठेवावेत. "बाईंच्या हातचे आहेत, खराब कसे करायचे?" हे मी पुष्कळ घरांत ऐकले आहे. चहाचे डाग धुतले की जातात. नाही गेले तरी चालेल.

४. माझ्या क्रोशाच्या सुया, एकूण सात, करमाळ्याच्या नाजनीनला द्याव्यात. ही गुलबानोची भाची. ती मला म्हणाली होती, "मी मोबाइलवर बघून शिकते की, तुम्ही कशाला त्रास घेता?" तिने जरूर बघावे. पण दोरा किती ओढायचा ते मोबाइलवर दिसत नाही, त्यासाठी सुट्टीत इथे येऊन मावशीजवळ बसावे. मावशीला विणता येत नाही, पण चूक लगेच दिसते. बँकेतली ठेव बोर्डिंगातल्या मुलींच्या शिवणवर्गाला द्यावी. मला आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून माती द्यावी. गुलबानोने मूठभर माती टाकल्यास कोणी हरकत घेऊ नये. मी मठातल्या स्वामींना विचारून ठेवले आहे, ते हो म्हणाले आहेत.

५. हे कलम मालमत्तेचे नाही, पण याशिवाय कलम दोन कुणाला पटणार नाही.

सहा वर्षांपूर्वी माझे पुतणे नंदीश यांनी पुण्यात नवे घर घेतले. वास्तुशांतीला मी गुलबानोला घेऊन गेले, आणि चोवीस कोस्टर करून नेले. ते ताठ दिसावेत असे मला फार वाटत होते. सोलापुरात मागावर ताणा चढवण्याआधी सूत ताठ व्हावे म्हणून त्याला खळ देतात, हे लहानपणापासून बघितलेले. म्हणून मी साबुदाण्याची खळ करायला घेतली. गुलबानो म्हणाली, "अक्का, खळ नको. सुताची खळ मागून धुऊन काढत्यात. ह्याच्यावर गार ग्लास ठेवला की चिकटंल." मी म्हणाले, "तू टॉवेलातली बाई, चादरीतलं तुला काय कळतंय?" ती बाजारात गेल्यावर मी खळ दिली आणि इस्त्री केली. कोस्टर पापडासारखे कडक झाले. मला ते फार सुंदर वाटले.

पुण्यात पाहुण्यांना गार कोकम सरबत दिले. नंदीशच्या साहेबांनी ग्लास उचलला, तर खाली चिकटलेला कोस्टरही वर गेला. हनुवटीपर्यंत गेला आणि तिथून सुटून त्यांच्या बासुंदीच्या वाटीत पडला. मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. लोक पोट धरून हसले. नंदीशची बायको सुकन्या स्वयंपाकघरात येऊन रडली. नंदीश आत आला आणि म्हणाला, "काकू, हे त्या बाईचं काम ना?"

मी तोंड उघडायच्या आत गुलबानो म्हणाली, "व्हय, माझ्याच हातनं झालं की. साबुदाणा जास्त पडला."

मी सरबत ओतत होते. ओततच राहिले.

त्यानंतर नंदीशच्या मनात ती जी बसली ती बसलीच. किल्ली हरवली तर त्या बाईने, गिझर बिघडला तर त्या बाईने. मी दर वेळी तिची बाजू घेतली, पण हे एक कधी सांगितले नाही. गेल्या दिवाळीत त्याने टेप लावून मागची खोली मोजली आणि मला धीर द्यावा तसे म्हणाला, "तुमच्या मागं त्यांना करमाळ्याला व्यवस्थित पोचवू, काकू. तुम्ही काळजी करू नका." तो वाईट माणूस नाही. मीच त्याला जे दाखवले त्यावरून तो बोलत होता. गुलबानो गॅलरीत कपडे वाळत घालत होती. दुसऱ्या दिवशी तिने ट्रंक बांधली. मी सोडली. तिने पुन्हा बांधली. "हाकलायच्या आधी गेलेलं बरं, अक्का." असे तीनदा झाले.

तरी मी लिहून देते की खळ मी घातली, तिने नको म्हटले असताना घातली, आणि दोष तिच्यावर गेला तेव्हा गप्प बसले. फ्लॅट ही त्याची भरपाई नव्हे. तो मी तिला तसाही दिला असता. पण ती खोटी ठरून त्यात राहू नये.

६. नंदीश यांना या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही. काकांचे घड्याळ आणि जेऊरच्या जमिनीतला माझा हिस्सा त्यांना आधीच देऊन झाला आहे. वकील म्हणाले, ज्याला काही मिळत नाही त्याची साक्ष चांगली. ते संक्रांतीच्या गड्डा यात्रेसाठी सोलापुरात आलेले आहेत. म्हणून मी त्यांनाच बोलावले आहे.

सहीपूर्वीची नोंद: वरील सर्व मजकूर नंदीश यांनी आत्ता माझ्यासमोर वाचला. कलम पाच दोनदा वाचले. मग विचारले, "आणि मी सही केली नाही तर?"

मी म्हणाले, "खाली आपले रिक्षावाले चांदसाब बसलेत, ते करतील. पण मला तुझी हवी आहे."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग स्वयंपाकघराकडे वळून त्यांनी मोठ्याने विचारले, "मावशी, खरं सांगा. पुण्याच्या कोस्टरना खळ कुणी घातली होती?"

आतून उत्तर आले, "मीच की. कितींदा सांगू?"

नंदीश हसले, त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे पेन मागितले. आधी मी सही करायची असते, म्हणून थांबवले आहे.

मृत्युपत्र करणार: दाक्षायणी शिवपुत्र बिराजदार (सही)

आम्हा दोघांच्या देखत श्रीमती बिराजदार यांनी सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली.

साक्षीदार १: डॉ. दानेश्वरी प्रभुलिंग म्हेत्रे (सही)

साक्षीदार २: नंदीश बिराजदार (सही)

स्थळ: जुळे सोलापूर
दिनांक: १८ जानेवारी २०२६