मी त्या गाडीत होते

प्रिय गुंड्या,

फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलेय. पाकिटावरचं माझं अक्षर बघून फाडायला जाशील, तुझा स्वभाव मला नवा नाही. आधी वाच, मग काय फाडायचं ते फाड. रविवारी मी आले होते. तू फलाटावर उभा होतास आणि तुझ्यासमोरून जी गाडी निघून गेली, तिच्यात मी होते. मग उतरली का नाहीस, असं तू आत्ताच्या आत्ता विचारणार. तेच सांगतेय, जरा दम धर.

तुझ्या लग्नाला मी आले नाही, माझ्या ऑपरेशनला तू आला नाहीस, झाली फिटंफाट. कोणाचं चुकलं ते उकरायला मी बसलेले नाही. पण इतक्या वर्षांनी तुझा फोन आला, एकदा येऊन जा म्हणालास, या वेळी आली नाहीस तर पुन्हा बोलावणार नाही म्हणालास, तेव्हा मी त्याच दिवशी तिकीट काढलं. तू बोललेलं करतोस, बापावर गेलायस. ऐन शाळा उघडायच्या दिवसांत दुकान बंद ठेवलं. गणवेशांचा ढीग मशीनवर तसाच टाकला. शेजारचा घड्याळवाला विचारायला आला, मावशी, बरं नाही का? मी म्हटलं, ठणठणीत आहे, लेकाकडे चाललेय. हे सांगताना मला केवढं बरं वाटलं ते तुला कळायचं नाही. तुझ्यासाठी शर्ट शिवला होता, पोट सुटलं असणार असं धरून.

तिकीट होतं, जागेचा नंबर होता, खिडकी होती. पण आधीच्या दोन गाड्या रद्द झाल्या होत्या आणि तिन्ही गाड्यांची माणसं एकीवर तुटून पडली. माझा डबा पुढे होता. मी निघालेही तिकडे, पण मागून लोंढा आला आणि मी चढले नाही, चढवली गेले. दारातून आत, तिथून डावीकडे, आणि थांबले तेव्हा संडासात होते. हस, हस. मलाही आधी हसूच आलं. आत आधीच चौघं होती. हत्यारांच्या पेटीवर उभा असलेला एक सुतार, एक गलेलठ्ठ मुकादम, परीक्षेला निघालेली एक मुलगी आणि तिचा मामा. मी पाचवी. आम्ही मावावं म्हणून मुकादमाने दार लोटून घेतलं, आणि तिथेच घोळ झाला. ते दार आतल्या बाजूला उघडतं. पाच माणसांच्या पाठी दाराला टेकल्या की ते उघडायचं कसं? माझा उजवा हात चढताना वर गेला होता तो वरच राहिला. पिशवी गुडघ्यांमध्ये, फोन पिशवीत. तो खाली वाजत होता. तूच असशील, कुठवर आलीस विचारायला.

पहिलं स्टेशन जाईपर्यंत मुकादम विनोद करत होता. मग त्याचेही विनोद आटले. बाहेर इतकी माणसं दाराला रेटून उभी होती की त्यांचे श्वास ऐकू यायचे. वास, घाम, त्यात ती कोंदट हवा. मुलगी म्हणाली, मावशी, मला दिसेनासं झालंय. लोक बेशुद्ध होऊन पडतात ना, ही पडली नाही. पडायला जागाच नव्हती. उभ्या उभ्या मान माझ्या खांद्यावर टाकली तिने. आम्ही ओरडलो, साखळी ओढा. तो निरोप तोंडोतोंडी साखळीपाशी पोचला आणि तसाच उत्तर घेऊन परत आला: इथे मधेच गाडी थांबली तर दारात लटकलेले पटापट शेजारच्या रुळांवर उड्या मारतील, आणि त्या रुळांवरून समोरची गाडी यायची वेळ झालीये. खरंच होतं ते. गुंड्या, मी घाबरले. तुझे वडील गेले तेव्हा घाबरले नव्हते एवढी घाबरले. मला वाटलं, आपण इथेच जायचो आणि पोराला वाटणार, म्हातारी आलीच नाही.

सुतार अबोल माणूस. नशीब, त्याचा पेचकस पेटीत नव्हता, खिशात होता. आधी तो म्हणाला, बिजागऱ्या काढतो. मामाने विचारलं, दार निघालं तर ठेवणार कुठे? त्यावर आम्ही सगळे कसनुसे हसलो. मग त्याने वरच्या वीतभर खिडकीकडे पाहिलं. तिरक्या काचांच्या पट्ट्या, घट्ट बसलेल्या. हात डोक्यावर धरून, न बघता, एकेक स्क्रू काढत त्याने साऱ्या पट्ट्या सोडवल्या आणि वारा आत आला. मुलीने डोळे उघडले. मी त्या माणसाला मनापासून आशीर्वाद दिला. त्याला तो नको होता, त्याला फक्त पाय हलवायचा होता.

तुझं स्टेशन आलं. आता ऐक. आम्ही जंग जंग पछाडलं. मुकादम भांड्यावर चढला, मामाने भाचीला उचलून धरलं, सुतार पेटीवर मुडपून बसला, आणि दार हातभर उघडलं. बाहेरच्यांना म्हटलं, अहो, मला उतरायचंय, माझा मुलगा आलाय. कोणी वाईट नव्हतं रे. सगळे म्हणत होते, जाऊ द्या, मावशींना जाऊ द्या, आणि कोणालाच जागचं हलता येत नव्हतं. वर फलाटावरून नवी माणसं आत घुसत होती. दार पुन्हा लागलं. टाचा उंचावल्या तेव्हा त्या उघड्या खिडकीतून मला तू दिसलास. निळा शर्ट, पोट खरंच सुटलंय. तू माझा डबा शोधत पुढे चालला होतास, माझ्याकडे पाठ करून. मी गुंड्या, गुंड्या म्हणून घसा फोडला, पण त्या गलक्यात कोणाचं काय ऐकू येणार? आणि गाडी सुटली.

उतरायला मिळालं ते थेट जंक्शनला, गाडी अर्धी रिकामी झाल्यावर. बाकावर बसून तुला फोन लावला. तू दोनदा कट केलास, मग फोन लागेचना. मुलीचा मामा मला पाणी आणून देत होता आणि मी त्याच्यावरच ओरडत होते, तुझ्या वाटणीचं.

माझं म्हणणं तुला पटणार नाही. आई कारणं देतेय म्हणशील. इथवरचं सगळं सांगितलं नसतं तरी चाललं असतं, मी हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितेय. तुझ्या खांद्यावर कोण होतं, गुंड्या? पिवळी टोपी, तुझे केस मुठीत धरलेले. मला कोणी काही सांगितलंच नाही. मुलगा की मुलगी तेही मला माहीत नाही. एकच गोष्ट हात जोडून सांगते, उद्या तुझा राग उतरला तरी त्या लेकराला घेऊन या गाडीत पाऊल टाकू नकोस. मीच येईन, बस बदलत बदलत येईन, सूनबाईला सांग. आणि माझ्यावर विश्वास नसेल तर ठेवू नकोस. तू पुढे बघत होतास, पण त्याने मागे वळून पाहिलं होतं. मी खिडकीतून खांद्यापर्यंत हात बाहेर काढून हलवत होते, आणि त्याने मला टाटा केला. त्याला विचार.

तुझीच,
आई