अंगणातली पावलं

औरंगाबाद, क्रांती चौक
१४ नोव्हेंबर १९९१

ती. स्व. त्रिंबकदादा,

नमस्कार. मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तू त्यावर विश्वास ठेवणार नाहीस, ते बरंच आहे.

एकाच शहरात राहून मी तुला पोस्टानं पत्र घालते आहे, पोस्टमनला गंमत वाटेल. तू कॉलेजातून निवृत्त झालास हे मला भाजीवालीकडून कळलं. हर्सूलच्या तळ्याकाठी सकाळी एकटाच फिरतोस, तेही उघड्या कानांनी, हेही तिनंच सांगितलं. मफलर बांधत जा.

इथलं सगळं नेहमीसारखं. आवडाबाई स्वयंपाकाला येते. परवा तुझ्या व्याख्यानाची पेपरात आलेली बातमी मी तिला वाचून दाखवली. माणूस सुख शोधतच नाही, तो खात्री शोधतो आणि तिलाच सुख म्हणतो, असं तू म्हणालास. समाज म्हणजे एकमेकांची भीती झाकायला जमलेली माणसं, असंही. आवडाबाईनं भाकरी उलटली आणि विचारलं, "अन् असं बोलायचा पगार मिळत व्हता व्हय त्याह्यला?" किती दिवसांनी या घरात कुणी हसलं, दादा. ती गेल्यावर रेडिओ लावून ठेवते. ऐकत नाही, नुसता लावते.

मला चितेगावचं घर आठवत राहतं. पोलीस ॲक्शनच्या आधीचा तो उन्हाळा, मी नन्सच्या शाळेतून सुट्टीला आले होते. रझाकार येतायत अशी आवई उठली आणि आप्पांनी आपल्या सगळ्यांना ज्वारीच्या बळदात, जमिनीखालच्या त्या कोठीत, कोंबलं. अंधार, भुसा, आणि वर अंगणात पावलं. आई म्हणाली, "तेच आलेत." आप्पा म्हणाले, "काही होत नाही, मी आहे ना." दोघांनाही अगदी खात्री होती, आणि दोघांचेही आवाज थरथरत होते. मी तुला विचारलं, कोण आहे रे? तू माझा हात धरलास आणि म्हणालास, "ठाऊक नाही, मनू." आप्पांनी अंधारात तुला चापट मारली, ती मला बसली.

बाहेर येऊन बघतो तर दावं तोडून आलेली आपली म्हैस! खाटेवर वाळत घातलेल्या कुरडया खाऊन निवांत रवंथ करत होती. आप्पा म्हणाले, "मी म्हणतच होतो." आई म्हणाली, "मला वाटलंच होतं." तू तुटलेलं दावं धरून म्हशीला गोठ्यात नेलंस. मला वाटतं, पुढं कॉलेजात तू जन्मभर जे शिकवलंस ते त्या म्हशीपाशी सुरू झालं.

हे आजारी होते तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यातही मी तुला तसंच विचारलं होतं. बरे होतील ना रे? तू तेच उत्तर दिलंस. मी तुला "ऊठ, जा इथून" म्हणाले आणि तू गेलास. तेराव्याला मागं उभा होतास, न जेवता निघून गेलास. त्यानंतर या घराची पायरी चढला नाहीस. माझं चुकलं असं मी अजूनही म्हणत नाही. त्या दिवशी मला खोटंच हवं होतं.

आता लिहायचं ते लिहिते. माझ्या काखेजवळ एक गाठ आहे. येत्या मंगळवारी सकाळी ऑपरेशन, स्टेशन रोडवरच्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणतात, शंभर टक्के बऱ्या व्हाल. मुलगा मद्रासहून फोनवर म्हणतो, "मम्मी, काहीही होणार नाही." शेजारच्या राजाबाई अंगारा घेऊन आल्या, म्हणाल्या, "मला सपनात दिसलं, तुम्ही नातसून बघणार." सगळी प्रेमानंच बोलतात. पण त्यांच्या खात्रीत मला बसायला जागाच नाही. मला भीती वाटते असं म्हटलं की घाईघाईनं झाकतात, जणू मी काही उघडं टाकलंय. नन्सच्या शाळेतली प्रार्थना आपोआप ओठांवर येते, मग देवघरातल्या बाळकृष्णाची माफी मागते. दोघांपैकी कुणी ऐकतं का, ठाऊक नाही.

बघ, लिहिता लिहिता तुझाच शब्द आला.

त्या बळदात आईच्या आणि आप्पांच्या बोलण्यानं माझं रडू थांबलं नव्हतं, दादा. तुझ्या "ठाऊक नाही"नं थांबलं. कारण तेवढं एकच खरं होतं, आणि ते म्हणताना तू माझा हात सोडला नव्हतास. व्हरांड्यात तू हात धरला नव्हतास. मला वाटतं, मला राग त्याचाच आला होता.

मंगळवारी पहाटेच घरी ये, दवाखान्यात बरोबर जाऊ. मला आत नेताना मी विचारीन, बरी होईन ना रे? तू तुझं नेहमीचंच सांग. फक्त या वेळी आधी हात धर.

दार उघडंच असेल. मफलर बांधून ये.

तुझी, बहुधा अजून बरीच वर्षं,
मनू