तिसऱ्या कडव्याआधी

शनि., १ मार्च
सहावं गाणं झालं. चार राहिली.

सिंगापूरच्या आंग मो किओमधली ती इंडस्ट्रियल इमारत, वर फैजलचा स्टुडिओ, आणि आत आम्ही पाच जण कोंबलेले. व्हिन्सेंट अंकल शहात्तर वर्षांचे. दिवसा टॅक्सी चालवून संध्याकाळी हॉटेलांत, क्लबांत काउबॉय हॅट घालून पन्नास वर्षं दुसऱ्यांची कंट्री गाणी गायली. स्वतः लिहिलेल्या गाण्यांचा अल्बम हा पहिलाच. आणि फिडल वाजवायला त्यांना मिळालं कोण, तर पुण्यात गुरुजींकडे बारा वर्षं व्हायोलिन घासलेली आणि हार्बरफ्रंटला शिपिंग कंपनीत ऑडिटच्या फायली चिवडणारी मी. नवरा, नितीन, म्हणतो, "यमन सोडून गुरांमागे लागलीस." लागले. तुला काय त्रास?

अंकलचा नियम एकच. सगळ्यांनी एका खोलीत एकदम वाजवायचं आणि चुकलं तरी थांबायचं नाही. "मिस्टेक नेव्हर माइंड लाह, यू कीप गोइंग." गुरुजींकडे बरोबर उलटं. सूर जरा हलला की गज उचलायचा, खाली बघायचं, पुन्हा पहिल्यापासून. तेच अंगवळणी पडलंय. आज दोनदा गज उचलता उचलता सावरला.

शनि., ८ मार्च
आज एकही गाणं नाही. अंकलचा आवाज घोगरा. मी म्हटलं, एअरकॉनमुळे असेल. ते हसले.

बाहेर पॅसेजमध्ये त्यांच्या मुलीने, ग्रेसने, गाठलं. घशाचा कॅन्सर. २६ तारखेला ऑपरेशन, स्वरयंत्रच काढणार. जानेवारीपासून माहीत आहे त्यांना. "पा डोंट वाँट पीपल क्राय क्राय इन द स्टुडिओ." डॉक्टरांनी बोलणंही कमी करायला सांगितलंय आणि हा माणूस गातोय.

आत जाऊन मी तारा जुळवत बसले. जुळलेल्याच होत्या.

बुध., १२ मार्च
ऑफिसातून लवकर निघून तोआ पायोहला, अंकलच्या घरी. गिळायला त्रास होतो म्हणून गुरगुट्या भात नेला, तूप-मीठ घालून. "इंडियन पॉरिज, आह?" म्हणत वाटीभर खाल्ला. बरं वाटलं.

दहावं गाणं दाखवलं. बायकोवरचं. मॉली आंटी अकराव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बांबूवर कपडे वाळत घालायच्या, खाली टॅक्सी लावताना अंकलना आपला शर्ट दिसायचा, म्हणजे त्या घरी आहेत. पहिली दोन कडवी ही. तिसऱ्यात त्या नाहीत, आणि अंकल स्वतःच एक शर्ट धुऊन बांबूवर सरकवतात, खाली जाऊन वर बघतात.

म्हटलं, चाल तीच असली तरी तिसरं गाऊन दाखवा ना. मान हलवली. एकदाच गाणार, स्टुडिओत. आता आवाज मोजूनमापून वापरायचा.

शनि., १५ मार्च
सात, आठ, नऊ. तिन्ही एका दमात! नवव्यात माझा एक सूर चांगलाच घसरला, पण दात-ओठ खाऊन वाजवत राहिले. फैजलने काचेमागून अंगठा दाखवला. मीच मला शाबासकी दिली.
दहावं उद्या.

रवि., १६ मार्च
लिहवत नाही.

गाणं सुरू झालं तेव्हा अंकलचा आवाज इतका चांगला लागला की आम्ही एकमेकांकडे बघायचं बंद केलं. पहिलं कडवं. दुसरं. मग माझा तुकडा, आणि त्यानंतर तिसरं. आठच मात्रांचा तुकडा. वरचा गंधार लावला, तो केसभर खाली लागला. केसभर! आणि माझा हात उठला. मी उठवला नाही, तो उठला. गज हवेत आणि मी खाली मान घालून उभी, गुरुजींसमोर असावी तशी.

गाणं थांबलं. अंकलही थांबले. गिटार वाजवणारे त्यांचे मित्र नंतर म्हणाले, पन्नास वर्षांत हा माणूस अर्ध्यात थांबलेला पाहिला नाही.

अंकल पाणी प्यायले, पुन्हा सुरू केलं. पहिल्याच ओळीला आवाज फुटला. मग नुसती हवा. तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा हॅट काढून मांडीवर ठेवली.

मंगळ., १८ मार्च
आवाज आलाच नाही. काल श्वास घ्यायला त्रास झाला म्हणून भरती केलंय. ऑपरेशन आता उद्याच.

ऑफिसात फाइल उघडून बसले, काही दिसेना. फार लाज वाटते. फक्त लाज नाही, राग. गुरुजींवर, माझ्या कानावर. त्या सुराला कोण विचारणार होतं? कोणाला कळलंही नसतं.

शुक्र., २१ मार्च
ऑपरेशन नीट झालं म्हणे. नीट म्हणजे काढलं.

आर्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, नॉट युअर फॉल्ट लाह." नितीनने चहा केला. तेच बरं.

ग्रेसचा फोन. फैजलकडे अंकलची नऊ गाणी आहेत. त्यावरून कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात तिसरं कडवं गाऊ शकतो. तिला हवंय. "दे टुक एव्हरीथिंग. अॅट लीस्ट फिनिश द साँग." नको म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने?

बुध., २६ मार्च
वॉर्डात गेले. गळ्याशी नळी, हातात लिहायची छोटी पाटी. माझ्याकडे बघून हसले. त्यांनी ओरडायला हवं होतं.

फैजलने रविवारची फाइल पाठवली होती. अंकलनी खूण केली, लाव. फोन उशीशी धरला. दोन कडवी. माझा तुकडा, तो सूर, मग शांतता. त्यापुढे मी रविवारी न ऐकलेलं काहीतरी होतं. अंकलचा आवाज, अगदी हळू: "यू ओके, गर्ल?"

माझं काही बिनसलंय असं वाटलं त्यांना. म्हणून थांबले. आणि मी उत्तरही दिलं नव्हतं.

अंकल डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, देव जाणे.

ग्रेसने विचारलं, पा, तिसरं कडवं कॉम्प्युटरकडून घ्यायचं, की गाणं तिथंच सोडायचं, तुझ्या त्या प्रश्नावर? फैजलला शुक्रवारपर्यंत सांगायचंय.

अंकलनी पाटीवर लिहिलं आणि तिच्याकडे फिरवली. "तिला विचार."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, उद्या सांगते. उद्या तरी मला काय कळणार आहे.