गार्डाच्या डब्यातली सासू

सौ. विहीणबाई यांस सप्रेम नमस्कार.

इकडे सगळे ठीक आहेत. तुमच्या दाढेचं दुखणं थांबलं असेल अशी आशा आहे (थांबलं नसेल तर काढूनच टाका, मी वाट पाहिली आणि पस्तावले). माझा गुडघा आहे तसाच आहे. चढताना गप्प बसतो आणि उतरताना बोलतो.

तुम्ही सोपवलेलं काम मी विसरलेले नाही. तुमच्या बंधूंनी मुख्य कचेरीत शब्द टाकून मिळवलेली ती खुर्चीची नोकरी जावईबापूंच्या गळी उतरवायची, म्हणून तर मी लेकीकडे मुक्काम ठोकला. आपल्या दोघींचं आजवर एवढ्या एकाच बाबतीत एकमत झालं आहे. एरवी माझा तुमच्यावर जरा रागच होता. लग्न ठरलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की आमच्या मुलाच्या हुकमाशिवाय गाडी हलत नाही. मी समजले, इंजिन चालवतात. गल्लीभर तसंच सांगून मोकळी झाले. पुढे कळलं की जावई इंजिनात नसून अगदी दुसऱ्या टोकाला, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटेच बसतात. तेव्हापासून आमची शेजारीण मला "शेपटी काय म्हणतेय?" असं विचारते (चौकशी जावयांचीच असते, माझ्या लक्षात येतं).

घरी त्यांना गाठणं अशक्य. विषय काढला की ते जेवायला लागतात, जेवण झालं की झोपतात आणि उठले की ड्यूटीवर जातात. परवा ते जेवणाचा डबा विसरून गेले. मी लेकीला म्हटलं, दे इकडे, मीच पोचवते. जिथून त्यांना उठून जाता येणार नाही तिथेच बोलायचं, असा माझा बेत होता.

मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात हे मला यार्डात कळलं. कोळशानं भरलेल्या वाघिणींची रांग संपता संपेना, आणि तिच्या शेवटी एक बुटकं घर उभं. दोन्हीकडे कठड्याचा ओटा, मध्ये खोली, खोलीत लाकडी बाक, खुंटीला लाल-हिरवे झेंडे, कोपऱ्यात आगीसाठी वाळूच्या बादल्या आणि हातब्रेकचं मोठं चाक. ही ब्रेकव्हॅन. आतून लख्ख झाडलेली होती. (तुमच्या मुलाला घरी झाडू कुठे असतो हे माहीत नाही.)

मी बाकावर बसून सुरुवात केली. बढती, पेन्शन, पंखा, दुपारचा चहा, सगळं मांडलं. ते घड्याळ पाहत होते, बाहेर डोकावत होते, झेंडा हलवत होते. मला वाटलं, अस्वस्थ झालेत, म्हणजे पटतंय. म्हणून मी उभी राहून बोलायला लागले. तेवढ्यात लांबून खण्ण असा आवाज आला, मग जरा जवळून, मग आणखी जवळून. इंजिनानं ओढलं की पहिली वाघीण दुसरीला हिसका देते, दुसरी तिसरीला, आणि गाडीभरचा हिसका गोळा होऊन शेवटी गार्डाच्या डब्यात पोचतो. तो पोचला तेव्हा मी वाळूच्या बादलीत बसले. (अक्षरशः. जावईबापूंनी दोन्ही हात धरून मला उपसून काढलं.)

मी म्हटलं, गाडी थांबवा.

"आई, एवढी भरलेली गाडी चढावर थांबवली तर पुन्हा निघता निघणार नाही," ते म्हणाले. "आणि थांबवायचं कारण काय लिहू? सासू?"

गार्डाच्या डब्यात परक्या माणसाला सक्त मनाई. कुणी पाहिलं असतं तर नोकरीवर बेतलं असतं, आणि मग तुमच्या बंधूंची खुर्चीही हातची गेली असती. म्हणून मी खिडकीपासून लांब, गुपचूप बसले.

मग ते बोलायला लागले. घरी हुंकारापलीकडे न जाणारा हा माणूस तिथे भरभरून बोलतो. पूर्वी म्हणे सगळ्या गाडीला एकत्र ब्रेक नव्हता. माणसं चालत्या गाडीच्या टपावरून पळत एकेक चाक फिरवायची. चढावर दोन वाघिणींमधली साखळी तुटली की मागचा भाग उलटा घरंगळायचा, तेव्हा शेवटच्या डब्यातल्या माणसानं ब्रेक आवळून तो धरायचा. कुठे कुठे तर या डब्यात संसारच असायचा. शेगडी, बिछाने, खिडकीला पडदे, आणि गाडी न्याहाळायला टपावर काचेची खोली. आता हवेचा ब्रेक सगळ्या गाडीला लागतो, आणि माणसाऐवजी मागे लुकलुकणारी एक पेटी लावतात. तीच मागची खबर इंजिनाला कळवते. यांच्या विभागातही त्या पेट्या येऊन पडल्या आहेत.

"मग तर ती खुर्ची आजच घ्या," मी म्हटलं.

"पेटी लागेल त्या दिवशी बघू. पण हा डबा आहे तोवर यात कुणीतरी बसायला हवं ना, आई."

(यावरचं उत्तर सुचेल तेव्हा कळवीन.)

थोड्या वेळानं मला करपल्याचा वास आला. माझं नाक कसं आहे ते तुमच्या सुनेला विचारा, तिनं त्याचा फार त्रास काढला आहे. जावईबापू म्हणाले, इंजिनाचा धूर असेल. मी म्हटलं, धूर वेगळा, करपणं वेगळं. सासूशी वाद नको म्हणून ते बाहेर वाकले. चढ संपून गाडी वळणावर आली होती, तिची सगळी कूस दिसत होती, आणि मधल्या एका वाघिणीच्या चाकापाशी धूर होता. चाकाचा आस तापला होता. तसाच तापत राहिला तर मोडतो आणि वाघिणी एकीवर एक चढतात (हे त्यांनी मला नंतर सांगितलं, ते बरं केलं). त्यांचा चेहराच बदलला. पण धावपळ नाही, ओरडा नाही. भिंतीवरची हवेच्या ब्रेकची झडप हळूहळू उघडून त्यांनी गाडी अशी थांबवली की तांब्यातलं पाणी हललं नाही. मला म्हणाले, "हे चाक जमेल तेवढं आवळा. मी पुढे जाऊन येतो. हा लाल झेंडा घ्या, मागच्या ओट्यावर थांबा, आणि मागून कुणीही आलं तरी दाखवा."

मी चाक आवळलं. (आयुष्यभर पीठ मळल्याचा उपयोग. नंतर सोडवायला दोघे लागले.)

मागून कोण येणार, असं वाटत होतं. तर रूळ तपासणारी मोटरट्रॉली आली, वर एक साहेब. मी झेंडा असा ताणून धरला की ट्रॉली चांगली लांबच थांबली. साहेब चालत आले.

"आपण कोण?"

"गार्डाची सासू."

"गार्डाच्या डब्यात सासू चालत नाही."

"चालतेय कुठे? मघापासून उभीच आहे," मी म्हटलं.

तोंडानं बोलले खरी, पण विहीणबाई, जी नोकरी सोडवायला मी आले होते ती आता आपल्यामुळे जाणार, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला होता. साहेबांचा राग उतरावा म्हणून मी त्यांच्यापुढे जेवणाचा डबा उघडला. ते नको नको म्हणत बसले. शेवटचा घास घेत होते तेवढ्यात जावईबापू काळ्या हातांनी परत आले. साहेबांनी विचारलं, इतक्या मागून हे कळलं कसं? दुसरा कुणी असता तर स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. यांनी सांगितलं, "यांना वास आला." साहेब बराच वेळ माझ्या नाकाकडे पाहत राहिले.

पुढच्या स्टेशनापर्यंत सावकाश जायचं, तिथे ती वाघीण काढायची आणि सासूही, असं ठरलं. सगळी तयारी झाली तरी गाडी जागची हलेना. इंजिनातला माणूस खिडकीतून मागे बघत होता. जावईबापूंनी पुढे पाहिलं, मागे पाहिलं आणि हिरवा झेंडा माझ्या हातात दिला. मी हलवला, आणि लांबून तो खण्ण आवाज सुरू झाला. (मी लगेच बसून घेतलं.) तुम्ही खोटं बोलला नव्हतात. गाडी खरंच हुकमाशिवाय हलत नाही.

काल जावईबापूंना कचेरीतून समज मिळाली आणि शाबासकीही, दोन्ही एकाच पाकिटातून. दोन्ही माझ्यामुळे, पण माझं नाव फक्त समजेत आहे. लेकीनं त्या दिवशी एवढंच विचारलं, डबा पोचला का? मी म्हटलं, पोचला.

घरातल्या थोरांना माझा नमस्कार, लहानांचे माझ्या वतीनं गाल ओढा.

तुमची,
विहीण

ता. क. – बंधूंना कळवा की पेटी लागेपर्यंत जावईबापू खुर्ची घेणार नाहीत, आणि मी त्यांना पुन्हा सांगणार नाही. पटत नसेल तर तुम्ही स्वतः येऊन समजवा.

ता. ता. क. – गाडी सुटण्याआधी ते मला "आई, उतरा" असं दोनदा म्हणाले होते. मला ऐकू आलं होतं. माझं बोलणं संपलं नव्हतं. साहेबांना हे माहीत नाही.

आणखी एक, आणि मुद्द्याचं. ती खुर्ची रिकामी राहणं बरं दिसणार नाही. माझा धाकटा मुलगा सध्या घरीच आहे. पंख्याखाली बसणं, दुपारचा चहा न चुकवणं, काही विचारलं की उद्या सांगतो म्हणणं, यातलं त्याला काहीही नव्यानं शिकवावं लागणार नाही. बंधूंच्या कानावर घालावं. जावईबापूंसाठी मात्र पुढेमागे दुसरी खुर्ची लागेल, तेही आत्ताच सांगून ठेवा.