आली तर, आली की

पंचवटी, नाशिक
ता. २१ फेब्रुवारी १९९८

प्रिय पूजास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघं मजेत. मावशीचा गुडघा आता बरा असेल. ललितरावांची सीमेवर बदली झाली, देवळालीचं क्वार्टर सोडावं लागणार, हे वाचून वाईट वाटलं. "वरची खोली मिळाली तर तुमच्याजवळ राहीन," असं तू लिहिलंस.

शाळेत सध्या आठवीला संकेतार्थ शिकवतेय. 'आली तर' म्हणजे येईल किंवा नाही येणार; 'आली असती तर' म्हणजे आलीच नाही. मुलांना पटकन कळलं. घरी मात्र तुझं पत्र वाचून हे म्हणाले, "पूजा आली की खिडकीला जाळी बसवून घेऊ." मी म्हटलं, आली तर. यांना फरक कळला नाही. दुसऱ्या दिवशी पिवळा रंग घेऊन आले. तुला पिवळा आवडतो हे यांच्या लक्षात होतं. मला कोणता आवडतो, ते इतक्या वर्षांत विचारलेलं नाही.

यांना आधी तुझं स्थळ सांगून आलं होतं, तुम्ही नकार कळवलात आणि मग माझं ठरलं, हे आपण दोघी कधीच बोललो नाही. गेल्या रविवारी मेथी निवडताना मी यांना विचारलंच, "पूजाने होकार दिला असता तर?"

यांनी हातातला पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तर केलं असतं लग्न. पण तिचा नकार आल्यावर मी पुन्हा विचारायला गेलो नाही. तुझा आला असता तर गेलो असतो."

दुसरी कुणी असती तर एवढ्यावर खूश झाली असती. पण मी तेव्हा लगेच हो म्हटलं होतं गं. हे गेले असते की नसते, ते आता कसं कळणार? माझ्या कानात 'केलं असतं लग्न' एवढंच राहिलं.

सोमवारी मी ती खोली आमच्या शाळेतल्या भागुबाईंना भाड्याने दिली. हरसूलहून रोज येतात बिचाऱ्या. यांना नंतर सांगितलं. हे उठले आणि रंगाचा डबा माळ्यावर ठेवून आले.

"खोली मोकळी असती तर तुला नक्की बोलावलं असतं," एवढंच लिहून पत्र संपवणार होते. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य बरोबर आहे. पण खोली मोकळी होती, आणि मी बोलावलं नाही.

देवळालीतच जागा बघ. सामान लावायला मी येईन. एकटी.

रागावली नाहीस तर तुझीच,
सरिताताई