चढावरचं बटण

आइत मल्लाल,
१४ नोव्हेंबर २००६

चि. फरहात यास मोक्रानचे आशीर्वाद. पन्नाशी आली तरी मेहुणा चि.च राहतो, माझा इलाज नाही.

पत्रास कारण की, तू पाठवलेली गाडी बेजायाच्या बंदरातून सुखरूप पोचली. रंग छान आहे. पट्टा लावला नाही तर ती ओरडते. घरात एक ओरडणारी असताना दुसरी कशाला, असं मी वर्दियाला म्हणालो, तर तुझी बहीण कित्येक दिवसांनी हसली. तेवढ्यापुरते तुझे आभार.

तुझी चिठ्ठी मी चावडीवर वाचून दाखवली. या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल आहे, म्हणजे चाक घसरायला लागलं की गाडी आपणहून त्याला ब्रेक लावते आणि इंजिनाचा जोर कमी करते. चिठ्ठी म्हाताऱ्या मंडळींच्या हातोहात फिरली. मग त्यांच्यातल्या सी अमरने विचारलं की चढावर जोर कमी करून वर जायचं कसं. मी म्हटलं, फरहातच्या फ्रान्सात, सेंतेत्येनमध्ये चढच खाली येत असतील.

माझ्या जुन्या पिकअपला मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आहे, मी स्वतः बसवलेला. साध्या गाडीत एक चाक बर्फात भिरभिरायला लागलं की सगळा जोर त्या उनाडालाच मिळतो आणि जमिनीवरचं शहाणं चाक बघत बसतं. माझ्या गाडीत दोन्ही चाकं एकमेकांना बांधलेली. एक घसरलं तर दुसरं ओढतं. संसार असाच चालतो. तुला त्याचा अनुभव नाही, म्हणून सविस्तर लिहिलं.

वर्दियाला सोमवार-गुरुवारी तिझी उझूच्या हॉस्पिटलात डायलिसिसला मीच नेतो आणि नेत राहीन. हे घर सोडून कुठेही जायचं नाही, एवढं एकच ती ठामपणे सांगते. तेव्हा तिला फ्रान्सला नेण्याचा विषय पुन्हा काढू नकोस. तुझी गाडी अंजिराखाली उभी आहे. कोंबड्यांना आवडली.

लोभ आहेच, तो घसरू देऊ नये.

तुझा,
मोक्रान

*

सेंतेत्येन,
२ डिसेंबर २००६

ती. दाजी यांस, सलाम वि. वि.

फोनवर तुम्ही ओरडता, मी ओरडतो आणि ताई मध्येच फोन ठेवून देते, म्हणून हे पत्र. मी ट्राम चालवतो आणि ट्रामला रूळ असतात, हे तुम्ही पुढच्या पत्रात लिहिणारच, म्हणून मीच लिहून टाकतो.

संसाराची उपमा आवडली, पण अर्धीच सांगितलीत. एक चाक घसरलं तर दुसरं ओढतं, खरं आहे. दोन्ही एकदम घसरली की गाडीची मागची बाजू आडवी फिरते आणि दोघंही जोडीने ओढ्यात जातात. गेल्या फेब्रुवारीत दफनभूमीजवळच्या चढावरून तुम्ही ताईला घेऊन गेलात तसे. मला ती जरासं अडकलो एवढंच म्हणाली होती. जरासं म्हणजे किती, ते सी अमरच्या मुलाने इथे आल्यावर सांगितलं. तुम्हाला ओढून काढायला बैल लागले म्हणे. बैलांना कोणता डिफरन्शियल असतो, कळवावे.

आता कामाचं. चढावर बर्फ खोल असेल तर ट्रॅक्शन कंट्रोल आडवा येतो, कबूल. गाडी बनवणाऱ्यांनाही हे माहीत होतं. म्हणून गिअरच्या दांड्याशेजारी एक बटण आहे, त्यावर घसरत्या गाडीचं चित्र आहे. ते दाबलं की कंट्रोल बंद होतो आणि चाकं हवी तेवढी फिरतात. दुसऱ्या गिअरवर निघा, क्लच हळू सोडा. चित्र असल्याने वाचायचे कष्ट पडणार नाहीत.

डॉक्टरांनी बजावलंय की ताईची एकही खेप चुकता कामा नये आणि तिला थंडी लागता कामा नये. या हिवाळ्यात ती पुन्हा त्या चढावर अडकली तर मी येऊन तिला इकडे घेऊन जाईन. इथलं हॉस्पिटल ट्रामच्या थांब्यासमोर आहे. याला धमकी म्हणा किंवा विनंती.

कोंबड्यांना नमस्कार. कृपा राहू द्यावी.

आपला,
फरहात

*

आइत मल्लाल,
२६ जानेवारी २००७

चि. फरहात यास आशीर्वाद.

अभिनंदन. तुझ्या गाडीने काल सगळ्या गावाची करमणूक केली.

पिकअपचा हीटर मेला आहे आणि नर्सबाई थंडीवरून मला रागावल्या, म्हणून नाइलाजाने तुझी गाडी काढली. जाताना उतार होता, उतारावर गाढवही घोडा होतो. येताना दफनभूमीजवळच्या चढावर बर्फ साचलं होतं. चाक जरा फिरलं, की समोर पिवळा दिवा लुकलुकला आणि इंजिनाने मान टाकली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मी ॲक्सिलरेटर दाबतो आणि गाडी म्हणते, नको, पडशील. अगदी तुझ्या आईचा स्वभाव. वर चावडीवर माणसं उभी राहून बघत होती. सी अमरने दोन्ही तळहात वर केले, मयतासाठी दुआ मागतात तसे.

नंतर कशीबशी चढली. कशी ते विचारू नकोस, कंटाळली असावी.

वर्दियाला जराशी कणकण आहे, काळजीचं कारण नाही. यापुढे पिकअपच नेणार. मागे वाळूची पोती टाकली आहेत, घोंगड्याही आहेत. निकाल लागला आहे, तेव्हा तू शांतपणे ट्राम चालव.

लोभ वाढवावा, जोर कमी करू नये.

तुझा,
मोक्रान

*

सेंतेत्येन,
३ फेब्रुवारी २००७

सौ. वर्दियाताईस फरहातचा सलाम.

दाजींचं विजयपत्र मिळालं. त्यांना एवढंच विचार, की त्यांनी बटण दाबलं होतं का. मी लिहून देतो, दाबलं नसणार. बटण दाबलं असतं तर ती गाडी मशिदीच्या मिनारावरही चढली असती.

तुझी तब्येत कशी आहे? कणकण म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. तिकिटाचं बघतोय. कपडे बांधून ठेव. दाजी काही म्हणाले तर सांग, शर्त मी त्यांना आधीच लिहून कळवली होती.

तुझा धाकटा,
फरहात

*

तिझी उझू,
११ फेब्रुवारी २००७

माझ्या दोघा शहाण्यांस, सलाम.

हे पत्र दोघांना एकच आहे. दोनदा लिहायची ताकद नाही, आणि वेगवेगळं लिहिलं तर तुम्ही माझ्यावरूनही पैज लावाल.

फरहात, बटण दाबलं होतं. मी दाबलं. पहिल्यांदा दिवा लुकलुकला तेव्हाच यांची नजर बटणाकडे गेली होती. हात गिअरवर होता, बोटभर अंतरावर. मग यांनी वर चावडीकडे पाहिलं आणि हात उचलून स्टिअरिंगवर ठेवला. गाडी बंद पडली, हीटरही. दुसऱ्यांदाही तेच. सुई टोचलेला माझा हात ठणकत होता, दात वाजत होते, आणि यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. इतकी वर्षं संसार केला, पण मला यांची भीती वाटली ती त्या क्षणी. मग मी बटण दाबलं. गाडी चढली. 

आणि फरहात, तू फार साळसूद होऊ नकोस. तुझ्या पत्रात आधी बटणाची चौकशी आहे, मग माझी. माझ्या तापाची बातमी वाचून तुला थोडं जिंकल्यासारखं वाटलं. मी तुला कडेवर खेळवलंय, मला कळतं.

दोन्ही गाड्या चांगल्या आहेत. यांची ओढते, तुझी सांभाळते. मी मात्र कुणाची चढण नाही.

हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत मल्हामावशी एकटी राहते. तिच्याकडे खोली घेतली आहे. सोमवार-गुरुवारी चालत जाते, चालत येते. घर सोडायचं नाही असं मीच म्हणत होते, ते मी सोडलं. सहज सोडलं असं समजू नका. पहिल्या रात्री उशीत तोंड घालून रडले. बर्फ वितळल्यावर परत यायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही, आणि या वेळी ते मीच ठरवणार आहे.

अहो, तुम्हाला अंजिरं वरच्या फळीवर सापडतील, तेल कोपऱ्यातल्या बरणीत आहे. फरहात, तिकीट काढलंच असशील तर ये, मावशी गरम कुसकुस रांधेल. दोघांनीही मला भेटायला या. कोणत्या गाडीने आलात ते मी विचारणार नाही, तुम्हीही सांगू नका.

लोभ असू द्या. या वेळी माझ्यावर.

तुमची,
वर्दिया